वर्गात पेट्री डिशवर बॅक्टेरिया वाढवताना नेहमी पडणारे प्रश्न

बाकावरून, दाराच्या हँडलवरून, कीबोर्डवरून स्वॅबने (टोकाला कापूस असलेल्या काडीने) नमुना घेऊन प्लेटवर, म्हणजे झाकणाच्या चपट्या डिशमध्ये, बॅक्टेरिया वाढवायचा प्रयोग शाळेत करायचा म्हटलं की शिक्षक, मुलं आणि पालक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथेच हा प्रयोग हमखास फसतो किंवा धोक्याचा होतो.

मुळात करायचं काय असतं?

निर्जंतुक ओला स्वॅब एखाद्या पृष्ठभागावर फिरवायचा, तोच स्वॅब अगारच्या (पोषक द्रव्यं घातलेल्या घट्ट जेलीच्या) प्लेटवर हलक्या हाताने ओढायचा, झाकण लावायचं आणि प्लेट दोन-तीन दिवस उबेत ठेवायची. जिथे जिथे एखादा जिवंत बॅक्टेरिया किंवा त्यांचा छोटा पुंजका पडला असेल तिथे ठिपका उठतो, त्याला म्हणायचं कॉलनी. एवढंच. पण हे "एवढंच" नीट केलं तर मुलांना आयुष्यात पहिल्यांदा कळतं की न दिसणारी गोष्टही मोजता येते, आणि म्हणूनच मला हा प्रयोग पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

एक बॅक्टेरिया तर दिसतच नाही, मग ठिपका कसा काय दिसतो?

दुपटीचा हिशोब करून बघा. सगळं मनासारखं असेल तर ई. कोलायसारखा बॅक्टेरिया साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे ७ तासांत २१ वेळा दुप्पट, आणि एकाचे झाले जवळपास २१ लाख. डोळ्यांना दिसणाऱ्या ठिपक्यात लाखोंनी पेशी असतात. वर्गातल्या प्लेटवर तापमान कमी असतं, प्रत्येक जातीचा वेग वेगळा असतो, त्यामुळे ७ तासांत काही दिसत नाही, एक-दोन दिवस लागतात. हा हिशोब मुलांना फळ्यावर करायला लावा, दहाव्या दुपटीपर्यंत हजारच होतात तेव्हा वर्ग थोडा कंटाळतो आणि विसाव्याला दहा लाख ओलांडले की सगळे पुढे सरकून बसतात.

अगारच का? जिलेटिन घट्ट होतं की.

होतं, आणि जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिनच वापरायचे, त्याआधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवरही बॅक्टेरिया वाढवून बघितले होते. पण जिलेटिन उबेत ठेवलं की पातळ होतं, आणि वर बरेच बॅक्टेरिया जिलेटिन पचवूनच टाकतात, म्हणजे ज्याच्यावर कॉलनी बघायची तेच वितळून जातं. १८८१ च्या सुमारास तिथे काम करणाऱ्या वाल्थर हेसे यांना त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगार सुचवलं, त्या ते स्वयंपाकात वापरायच्या. लाल समुद्री शेवाळापासून बनणारं अगार साधारण ८५ डिग्रीला वितळतं पण परत घट्ट व्हायला ४० च्या खाली यावं लागतं, आणि बहुतेक बॅक्टेरियांना ते पचत नाही. पुढे १८८७ मध्ये कॉख यांचेच सहकारी युलियुस रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची चपटी डिश आणली. फॅनी हेसे यांचं नाव मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच असतं, वर्गात आवर्जून सांगा.

प्लेट कशा तयार करायच्या?

तयार न्यूट्रिएंट अगारची पावडर घ्या, डब्यावर लिहिलेलं प्रमाणच वापरा, बहुतेकदा ते लिटरला २८ ग्रॅम असतं आणि त्यातले १५ ग्रॅम अगार, बाकी पेप्टोन, अर्क आणि मीठ. पाण्यात मिसळायचं, १२१ डिग्रीला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करायचं (म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं), मग ४५ ते ५० डिग्रीपर्यंत थंड होऊ द्यायचं. थर्मामीटर आत घालू नका, बाटली हातात धरवेल इतकी गरम असली की ओता. घाई केलीत तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरतात आणि उशीर केलात तर बाटलीतच गाठी होतात. ९० मिमीच्या प्लेटला १५ ते २० मिली पुरतं, म्हणजे लिटरमध्ये साधारण ५० प्लेट. ओतताना झाकण पूर्ण काढून टेबलावर ठेवायचं नाही, एका बाजूने तिरकं उचलायचं, ओतायचं, बंद करायचं. घट्ट झाल्या की उलट्या करून फ्रिजमध्ये, पण खाण्यापिण्याच्या फ्रिजमध्ये नाही.

विकतच्या ओतलेल्या प्लेट मिळत असतील तर पहिल्या वेळी त्याच घ्या, सगळा जीव प्रयोगात लावता येतो.

ऑटोक्लेव्ह नाहीये, प्रेशर कुकर चालतो का?

१५ पीएसआय दाब धरणारा असेल तर चालतो, कारण त्या दाबाला वाफ १२१ डिग्रीला जाते. बाटलीचं झाकण सैल ठेवा आणि दाब आपोआप उतरू द्या. नुसतं उकळून भागत नाही, बॅसिलससारख्या बॅक्टेरियांचे बीजाणू (उष्णता सोसणारं त्यांचं सुप्त रूप) १०० डिग्रीला तग धरतात आणि दोन दिवसांनी तुमच्याच "स्वच्छ" प्लेटवर उगवतात.

कुठून स्वॅब घ्यावा आणि कुठून नाही?

बाक, स्विच, दाराचं हँडल, कीबोर्ड, माऊस, मोबाईल, दप्तराचा पट्टा, खिडकीची चौकट, पुस्तकाचं कव्हर हे सगळं चालेल. टॉयलेट, मोरी, कचराकुंडी, कच्चं मांस, प्राणी, जखम, नाक, घसा, तोंड इथून अजिबात नाही. मुलं हट्ट करतात, टॉयलेटचंच बघायचं म्हणतात, पण तिथे माणसाला आजारी पाडणारे बॅक्टेरिया असण्याची शक्यता जास्त आणि आपण त्यांना खाऊपिऊ घालून लाखोंनी वाढवणार, हे शाळेच्या प्रयोगशाळेचं काम नाही. याच कारणाने ब्लड अगारही (रक्त मिसळलेलं अगार) शाळेत वापरू नका.

स्वॅब घ्यायची नीट पद्धत काय?

स्वॅब निर्जंतुक पाण्यात किंवा सलाईनमध्ये बुडवायचा आणि नळीच्या आतल्या कडेला दाबून जास्तीचं पाणी काढायचं, कोरडा स्वॅब फारसं काही उचलत नाही आणि ओलागच्च असला तर प्लेटवर तळं होतं. मग ५ बाय ५ सेंटीमीटरचा चौकोन. कागदात खिडकी कापून ठेवा, तो कागद प्रत्येक पृष्ठभागावर ठेवायचा आणि तेवढ्याच भागावर स्वॅब फिरवायचा, आधी आडवा मग उभा, आणि फिरवताना बोटांत गोल वळवत राहायचा म्हणजे सगळी बाजू लागते. अगारवर ओढताना पेन्सिलने पुसट रेघ मारतो तेवढाच दाब, नागमोडी, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. अगार फाटलं तर दाब जास्त झाला.

खिडकीचा कागद लोकांना चोचले वाटतात. पण एका मुलाने अख्खा बाक पुसला आणि दुसऱ्याने स्विचचं नुसतं टोक पुसलं तर तुलना कशाची करणार?

नाव, तारीख, जागा हे सगळं प्लेटच्या खालच्या भागावर, कडेला, बारीक अक्षरात लिहा. झाकणावर लिहिलं आणि दोन झाकणं अदलाबदल झाली तर सगळंच गेलं.

कंट्रोल प्लेट (तुलनेसाठीच्या, ज्यांवर पृष्ठभागाचा स्वॅब ओढत नाहीत) खरंच लागतात का? प्लेट आधीच कमी आहेत.

लागतात. प्लेट कमी असतील तर पृष्ठभाग कमी करा पण कंट्रोल सोडू नका, या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

निदान तीन हव्यात. पहिली न उघडलेली, तशीच उबेत ठेवायची. तिच्यावर काही उगवलं तर तुमचं अगारच खराब होतं आणि बाकीच्या प्लेटवरचं काय बाकावरून आलं आणि काय आधीपासून होतं हे आता कोणी सांगू शकत नाही. दुसरी प्लेट, हिच्यावर पाण्यात बुडवलेला पण कशालाच न लावलेला स्वॅब ओढायचा, म्हणजे स्वॅब आणि पाणी दोन्ही तपासलं जातं. तिसरी हवेची, बाकीच्या प्लेट जितका वेळ उघड्या असतात तितकाच वेळ हिचं झाकण उचलायचं, बस. वर्गात पंखा चालू, चाळीस जण बोलतायत, अशात हवेतून पडणारे ठिपके काही थोडे नसतात, आणि तिसरी प्लेट नसली की ते सगळे बिचाऱ्या बाकाच्या नावावर जमा होतात.

मुलांना सुरुवातीला रिकामी प्लेट कंटाळवाणी वाटते, कोणालाच ती आपली म्हणून नको असते. म्हणून ती वर्गातल्या सगळ्यात काटेकोर मुलाकडे किंवा मुलीकडे द्या आणि निकाल वाचताना सुरुवात तिच्यापासून करा. कंट्रोल स्वच्छ निघाली असं जाहीर झाल्यावरच बाकीच्यांनी आपापल्या प्लेट हातात घ्यायच्या. असं केलं की कंट्रोलचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि जमलं तर प्रत्येक पृष्ठभागाच्या तीन-तीन प्लेट. एकाच बाकाच्या तीन प्लेटवर १२, ४० आणि २५ असे आकडे येऊ शकतात, मग दुसऱ्या बाकावर ३० आले म्हणून तो जास्त अस्वच्छ असं म्हणता येईल का, यावर वर्गात भांडण झालं तर उत्तमच.

३७ डिग्रीला ठेवलं तर लवकर उगवेल ना?

उगवेल, पण तेच नकोय. ३७ म्हणजे आपल्या शरीराचं तापमान, जे बॅक्टेरिया माणसात राहायला सरावलेत त्यांना ते फार मानवतं. शाळेत २५ ते ३० डिग्री, शक्यतो २५ च्या आसपास, आणि ४८ ते ७२ तास. इन्क्युबेटर नसेल तर उबदार कपाट चालतं, ऊन नको.

टेप प्लेटभोवती पूर्ण गोल लावायची ना?

नाही. दोन किंवा चार छोटे तुकडे, समोरासमोर. झाकण निघता कामा नये पण हवा जायला हवी, पूर्ण बंद केलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि ऑक्सिजन नसताना वाढणाऱ्या जातींना रान मोकळं मिळतं, त्यातल्या काही त्रासदायक असतात.

प्लेट उलटी का ठेवतात?

झाकणावर जमलेलं पाणी कॉलन्यांवर पडू नये म्हणून. थेंब पडला की ठिपके एकमेकांत मिसळतात.

उगवल्यावर झाकण उघडून जवळून बघायचं का? वास घेतला तर?

नाही, नाही आणि नाही. उबेत ठेवलेली प्लेट परत उघडायची नाही, विद्यार्थ्याने नाही आणि उत्साहाच्या भरात शिक्षकाने पण नाही. आत काय वाढलंय हे आपल्याला माहीत नसतं, पृष्ठभागावर दहा असतील ते आता कोट्यवधी झालेत, बुरशी असेल तर झाकण उचलताच बीजाणू उडतात. बघायचं ते झाकणातून, हँड लेन्सने, किंवा मोबाईलने फोटो काढून स्क्रीनवर मोठं करून. आतून धुकं धरलं असेल तर प्लेट तळाच्या बाजूने बघा, अगार पारदर्शक असतं.

प्लेटवर जे दिसतंय ते वाचायचं कसं?

घाई करू नका, एक कॉलनी निवडा आणि तिच्याकडेच बघा. रंग कोणता, कड गुळगुळीत की दातेरी, वरून फुगीर की चपटी, चमकते की कोरडी, आरपार दिसतं का. पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, मग काळ्यावर, काळ्यावर फिकट कॉलन्या एकदम उठून दिसतात. बाकाच्या प्लेटवर बहुतेकदा छोट्या, गोल, पांढऱ्या, ओलसर चमकदार कॉलन्या असतात, मध्येच एखादी गडद पिवळी, छान घुमटासारखी वर आलेली, आणि एखादी मोठी, चपटी, मळकट, वाळलेल्या सायीसारखी सुरकुतलेली. कापसासारखं केसाळ, रोज पसरणारं, मधून हिरवं किंवा काळं पडणारं जे असतं ती बुरशी. यीस्ट मात्र फसवतं, ते बुरशीतलं असून दिसायला बॅक्टेरियासारखं.

रोज एकाच वेळी, एकाच उंचीवरून फोटो काढून ठेवा, तिसऱ्या दिवशी सगळे फोटो ओळीने बघताना मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात.

पिवळी कॉलनी म्हणजे कोणता बॅक्टेरिया?

मायक्रोकॉकस ल्युटियस पिवळा असतो, त्वचेवर आणि हवेत सर्रास सापडतो, पण पिवळे दुसरेही बरेच असतात. पांढरी कॉलनी त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसची असू शकते, तसंच अजून पन्नास जणांची. नुसत्या रंगरूपावरून नाव सांगता येत नाही, त्याला ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), जैवरासायनिक चाचण्या किंवा डीएनए लागतो आणि त्यासाठी प्लेट उघडावी लागते, जे आपण करत नाही. वहीत "पिवळी, गोल, फुगीर, ३ मिमी" असं लिहा. नाव ठोकून देण्यापेक्षा हे वर्णन कितीतरी जास्त शास्त्रीय आहे.

मोजायचं कसं?

तळाच्या बाजूने प्रत्येक कॉलनीवर मार्करचा ठिपका देत मोजा म्हणजे दोनदा मोजलं जात नाही. ३० ते ३०० मधला आकडा भरवशाचा मानतात, त्याखाली योगायोगाचा भाग मोठा आणि त्यावर कॉलन्या एकमेकींना चिकटतात. जास्तच असतील तर "मोजण्यापलीकडे" असं लिहून मोकळं व्हा, अंदाजे आकडा टाकू नका. शक्य असेल तर मोजणाऱ्याला प्लेट कुठली ते सांगूच नका, नुसता कोड नंबर द्या. आपला मोबाईल स्वच्छ निघावा असं वाटणारा मुलगा नकळत कमी मोजतो.

मोबाईलवर दाराच्या हँडलपेक्षा जास्त कॉलन्या आल्या, म्हणजे मोबाईल जास्त घाण आणि धोकादायक?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. कॉलन्यांची संख्या सांगते की त्या चौकोनातून इतके बॅक्टेरिया उचलले गेले जे या अगारवर, या तापमानाला, इतक्या दिवसांत वाढू शकले. बास. मातीतल्या, पाण्यातल्या बहुसंख्य जाती अशा प्लेटवर वाढतच नाहीत. विषाणू तर अगारवर कधीच वाढत नाहीत, त्यांना जिवंत पेशी लागते, त्यामुळे स्वच्छ प्लेट म्हणजे सर्दीचा विषाणू नाही असंही होत नाही. आणि मोबाईलवरचे बॅक्टेरिया बहुतांशी त्याच माणसाच्या हाताचे आणि चेहऱ्याचे असतात, जे तो चोवीस तास अंगावर बाळगतो. आपल्या शरीरात आणि शरीरावर मिळून साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा २०१६ मधला अंदाज आहे, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या तोडीस तोड.

दोनशे निरुपद्रवी कॉलन्यांपेक्षा आजार पसरवणारी एक कॉलनी महत्त्वाची, आणि ती कोणती हे आपली प्लेट सांगत नाही. म्हणून निष्कर्षात "घाण", "धोकादायक" हे शब्द नकोत, "जास्त कॉलन्या" लिहा. पालकांना भीती घालणारी पोस्टरं तर अजिबात बनवू नका.

हात धुतल्यावर बोट टेकवलं तर कॉलन्या वाढल्या! प्रयोग चुकला का?

चुकला असेलच असं नाही. त्वचेवर दोन प्रकारचे बॅक्टेरिया असतात, बाहेरून येऊन वरवर बसलेले आणि कायमचे मुक्कामी. साबणाने वरवरचे निघून जातात, पण घासल्यामुळे खोलवरचे मुक्कामी सुटे होऊन वर येतात आणि ओल्या बोटावरून प्लेटवर छान उतरतात. शिवाय नळ, टॉवेल यांच्यावरूनही येतात. हात धुण्याचा उद्देश वरवरचे काढायचा, कारण रोग पसरवणारे बहुधा त्यांच्यात असतात. म्हणून धुऊन स्वच्छ पेपर टॉवेलने पुसून पूर्ण कोरडं करा आणि परत करून बघा. कॉलन्या कशा दिसतात तेही बघा, बऱ्याचदा धुण्याआधी पाच-सहा प्रकारच्या असतात आणि नंतर एकाच प्रकारच्या.

सॅनिटायझरमध्ये बुडवलेली कागदी चकती प्लेटवर ठेवून तिच्याभोवती काही न उगवलेली मोकळी जागा मोजायची आयडिया कशी आहे?

पृष्ठभागावरून आलेल्या अनोळखी बॅक्टेरियांवर करू नका. शाळेसाठी मान्य असलेली माहितीतल्या बॅक्टेरियांची कल्चर (मुद्दाम वाढवलेला साठा) असेल तरच. आणि अल्कोहोल सॅनिटायझरच्या चकतीभोवती जागा छोटी येते, त्यावरून ते निकामी आहे असं समजू नका, अल्कोहोल उडून जातं. मोकळी जागा त्या पदार्थाच्या अगारमध्ये पसरण्यावरही अवलंबून असते, नुसत्या मारक शक्तीवर नाही.

काहीच उगवलं नाही तर?

आधी अजून एक दिवस थांबा. तरी नाही तर स्वॅब कोरडा होता का, पृष्ठभाग नुकताच ब्लीचने पुसला होता का, खोली फार थंड आहे का हे बघा. रिकामी प्लेट हाही निकाल आहे, तसाच नोंदवा.

सगळीकडे बुरशीच आली.

प्लेट फार वेळ उघड्या होत्या किंवा पंख्याखाली होत्या. पंखा बंद, खिडक्या बंद, पुन्हा करा. बुरशीभोवती मोकळं वर्तुळ दिसलं तर १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनाही असंच काहीसं स्टॅफिलोकॉकसच्या प्लेटवर दिसलं होतं आणि त्यातून पेनिसिलिन सापडलं हे जरूर सांगा, पण तुमच्या प्लेटवर पेनिसिलिनच आहे असं समजू नका.

प्लेट पडून फुटली तर?

मुलांना लांब करा. ग्लोव्ह्ज घालून पेपर टॉवेल टाका, वर ब्लीचचं पाणी ओता, अर्धा तास थांबा, मग उचला. काच असेल तर चिमट्याने, हाताने नाही.

शेवटी फेकायच्या कशा?

तशाच कचऱ्यात कधीच नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे बंद प्लेट ऑटोक्लेव्हच्या पिशवीत घालून १२१ डिग्रीला निदान ३० मिनिटं. प्लास्टिकच्या प्लेट वितळून वाकड्या होतात, त्यामुळे पिशवी धातूच्या भांड्यात ठेवा. ते नसेल तर ब्लीच, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, त्याच दिवशी केलेलं, त्यात प्लेट पूर्ण बुडवायच्या, पाण्याखालीच झाकण सरकवायचं आणि रात्रभर ठेवायचं. हे काम फक्त शिक्षकाने, ग्लोव्ह्ज आणि गॉगल लावून, खिडक्या उघड्या ठेवून. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो, आणि ब्लीच घातलेलं काही ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका.

प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल वर्गात असेल तर?

उगवलेल्या प्लेट त्याच्या हातात द्यायच्या नाहीत. फोटोंवरून मोजणी आणि नोंदी त्याच्याकडे द्या, सगळ्या वर्गालाच फोटोंवरून मोजायला लावलंत तर कोणी वेगळं पडत नाही.

मुलं म्हणतात घरी पण करू का?

स्वॅब घेणं, वाढवणं, फेकणं यातलं शेवटचं घरी धड होत नाही, म्हणून नको. घरी करायचंच असेल तर प्रयोगाची आखणी करून आणायला सांगा, म्हणजे कोणते दोन पृष्ठभाग, का, प्लेट किती, कंट्रोल कोणत्या आणि काय निघेल असं वाटतंय. ते कागद बघून पुढच्या वेळचे पृष्ठभाग त्यातूनच निवडा.